तीन नंबरचा वाघ

१७ मार्च, सोमवार

आज पहाऱ्याचा अकरावा दिवस. वाघ नाही. देवाचे आभार मानावेत की त्याच्याशी भांडावं, हेच कळेनासं झालंय.

ही वही रिताच्या सांगण्यावरून घेतली. "रोज माह्या डोक्यात नका टाकू, वहीत टाका," असं ती म्हणाली. बायको म्हणून तिचं बरोबर आहे. महिनाभर मी घरात वाघाशिवाय दुसरा विषय काढलेला नाही.

मागच्या वर्षी मोहफुलांच्या दिवसांत मंदाबाईच्या थोरल्या बहिणीला वाघानं झाडाखालून नेलं. गाव तिथून हाकेच्या अंतरावर. फुलं वेचणारी बाई वाकलेली असते, आणि वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटत नाही म्हणतात. त्यानंतर नागपूरच्या एका संस्थेनं गावाला सहा कॅमेरे दिले. समाजमंदिराच्या खोलीत मोठा पडदा लावला, छतावर भोंगा बसवला. पहाटे साडेचार ते नऊ दोन बायांनी आळीपाळीनं पडद्याकडे बघायचं. वाघ दिसला की बटण दाबायचं. भोंगा वाजला की मोहाखालच्या सगळ्या बायांनी टोपल्या टाकून गावाकडे पळायचं. गावात बी.एस्सी. झालेला आणि वर रिकामा असलेला मीच, म्हणून केंद्रप्रमुखही मीच.

बघणाऱ्या दोघींपैकी एक उर्वशी, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. दुसरी मंदाबाई. तिनं हे काम हात जोडून मागून घेतलं. तिच्याइतकं जागं राहणारं माणूस गावात दुसरं कोण मिळणार?

आणि मोहाखालच्या बायांत माझी आई आहे. शकुनबाई, वय एकसष्ट. मोठ्या मोहाचं झाड पिढ्यान् पिढ्या आमच्या घराकडे, तिथं दुसरं कुणी वेचत नाही आणि आई ते सोडत नाही. त्या झाडाकडे जाणाऱ्या पांदणीवर मी तीन नंबरचा कॅमेरा बसवून घेतला. पहिला विचार आईचा केला, हे या वहीत कबूल करायला हरकत नाही.

१९ मार्च, बुधवार



आई सकाळी घरी आली आणि म्हणाली, "पांदनीत खोज हायेत रे, ताजे. भोंगा तं नाही वाजला." वाघाच्या पावलांचे ताजे ठसे म्हटल्यावर मी धावत जाऊन चित्रण मागं नेलं. पाच एक्कावन्नला पांदणीच्या दुसऱ्या टोकाच्या दोन नंबरवरून वाघ गेला. नऊ सेकंद. डावीकडून उजवीकडे, कुणाच्या बापाचं भय नसल्यासारखा.

पाळी मंदाबाईची होती. मला वाटलं झोपली असेल. पण नोंदवहीत पाच पन्नासला तिच्याच अक्षरात लिहिलंय, 'दोन नंबर, लांडोर'. लांडोर चित्रणातही आहे. म्हणजे ती जागी होती, त्याच चौकोनाकडे बघत होती, लांडोर दिसली आणि मिनिटभरानं वाघ दिसला नाही.

तिला चित्रण दाखवलं. चूक झाली माझी, दाखवायला नको होतं. ती पडद्यापुढं खाली बसली. "माह्या डोळ्यासमोरून गेला, वीरेंद्र. मी पाहूनच राहिली होती. माह्या बहिनीले खाल्लं त्यानं, अन् मलेच काहून नाही दिसला रे?"

उर्वशीनं तिला घरी नेलं.

आईला मी सांगितलं, रात्रीचे असतील खोज. खोटं बोललो.

२० मार्च, गुरुवार

आईचे पाय धरले. अक्षरशः. म्हटलं, या वर्षी राहू दे मोह.

"फुलं खाली पडून राहिली अन् मी घरात बसू? तुहे बाबा गेले त्या सालीबी वेचले मी. मोह कोनाची वाट नाही पाहत." मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "अन् तुहा भोंगा हाये ना."

भोंगा आहे. भोंग्याचं बटण दाबणारे डोळे उघडे असून आंधळे आहेत, हे मी तिला कसं सांगू? सांगितलं तर ती जायची थांबणार नाहीच, वर भीत भीत जाईल.

रात्री जेवण गेलं नाही. रिता काहीबाही सांगत होती. हो हो म्हटलं.

२२ मार्च, शनिवार

आज स्वतः पडद्यापुढं बसलो. बघू या म्हटलं, बायकांनाच असं होतं की बी.एस्सी.वाल्यांनाही.

पहिली दहा मिनिटं पान हललं तरी दिसत होतं. विसाव्या मिनिटाला सहा चौकोनांचा एकच करडा रंग झाला. चाळीस मिनिटं बसलो, मला वाटलं फार चांगला बसलो. मग चित्रण मागं नेऊन पाहिलं. चार नंबरवरून पाच रानडुकरं गेली होती. पिल्लांसकट. मी त्या वेळी पडद्याकडेच तोंड करून होतो, पापणीसुद्धा मिटली नसेल. एकही डुक्कर मला आठवत नाही.

म्हणजे मंदाबाई दोषी नाही. पंधरवड्यात एकदा नऊ सेकंद दिसणाऱ्या गोष्टीसाठी रोज साडेचार तास बघायचं, असं काम माणसाच्या डोळ्याला झेपतच नाही. हे कळून बरं वाटायला हवं होतं. उलट भीती वाढली, कारण मंदाबाई बदलून दुसरी कुणी बसवली तरी तेच होणार.

२३ मार्च, रविवार

भोंग्याची बॅटरी आणायला लाखनीला गेलो होतो. महामार्गावर ट्रकांची रांग, त्यामुळे परतीची बस उशिरा होती. म्हणून भैयाजींना भेटून आलो. मी कॉलेजात असताना सुट्टीत ज्या राईस मिलमध्ये काम करायचो तिथले ते मुकादम. आता डोळ्यांत मोतीबिंदू, पण बाजेवर बसून अजून मिलचीच गोष्ट.

मशीन येण्याआधी तिथं पट्ट्यावरून तांदूळ सरकायचा आणि दोन्ही बाजूंना बसलेल्या बाया काळे दाणे, खडे वेचायच्या. मी त्यांना आमच्या पडद्याची रडकथा सांगितली. ते हसले.

"अरे, खराब मालावर बाई कधी चुकत नाही. साफ माल आला का नजर सुस्त होते. तासात एक खडा आला तं तोच नेमका जाते. म्हनून मी खिशात काळे दाने ठेवत होतो. माल लईच साफ असला का मूठभर टाकून देत होतो पट्ट्यावर, चुपचाप. बाया जाग्या. मंग मालातला खडाबी सापडे."

मी तिथंच उभा राहिलो. इतकी साधी गोष्ट. वाघ दिसत नाही म्हणून वाघ दिसत नाही!

निघताना ते म्हणाले, "पन एक ध्यानात ठेव. आपन टाकले किती, ते मोजून टाकाचे अन् मोजून परत घ्याचे. नाही तं आपले दाने कोनते अन् मालातले कोनते, आपनच भुलतो." हे शेवटचं मला काही नीट समजलं नाही, पण तेवढ्यात बस आली.

२५ मार्च, मंगळवार

डोमाकाका तयार झाले.

आमच्या गावच्या दंडारीच्या नाच-नाटकात वीस वर्षं वाघाचं सोंग डोमाकाकांचं. पोत्याला पिवळा रंग, त्यावर काजळीचे पट्टे, काथ्या भरलेली दोरखंडाची शेपटी. आता साठी उलटली, दंडारही बंद पडली. सोंग माळ्यावर होतं, उंदरांनी एक कान खाल्लाय. "दहा वर्सांत कोनी मले वाघ नाही म्हटलं," म्हणाले आणि अंगणातच चार पावलं रांगून दाखवलं. त्यांची बायको आनंदाबाई तोंडाला पदर लावून हसत होती.

उजाडायच्या आधी कॅमेऱ्यात सगळं काळं-पांढरंच दिसतं. तेवढ्या अंधूक उजेडात सोंग फसवेल. मी रोज चिठ्ठीवर कॅमेऱ्याचा नंबर आणि वेळ लिहून त्यांना देणार, कधी एक फेरी, कधी तीन-चार. ते कॅमेऱ्यासमोरून रांगत जाणार, सोंग काढणार, घरी येणार. बघणाऱ्या दोघींना यातलं काही माहीत नाही.

२७ मार्च, गुरुवार

फसवलं, फारच फसवलं. उर्वशीनं खोटा वाघ तीन सेकंदांत टिपला, खरा समजून भोंगा दाबला. मी आनंदानं टाळी वाजवली, आणि तेवढ्यात लक्षात आलं की आता रानातल्या पन्नास बाया जीव घेऊन पळत असतील.

पळाल्याच. सुलोचनाबाई पडल्या, गुडघा सोलून निघाला. दोन टोपल्या फुलं मातीत गेली. खरी गोष्ट कळल्यावर बायांनी समाजमंदिरापुढं मला उभं केलं. सुलोचनाबाई म्हणाल्या, "एक डाव पळलो. दुसऱ्या डावालेबी पळू. तिसऱ्या डावाले आमी मान वर करून नाही पाहनार, सांगून ठेवतो."

त्यांचंही बरोबर. पडद्यापुढच्या बाईला वाघ वरचेवर दिसला पाहिजे, आणि मोहाखालच्या बाईला भोंगा वरचेवर ऐकू येता कामा नये. एकीकडे ताणलं की दुसरीकडे उघडं पडतं.

२८ मार्च, शुक्रवार

तोड निघाली. भोंग्याची वायर भिंतीतून काढून शेजारच्या खोलीत माझ्या टेबलावर आणली. आता बटण माझ्याकडे. बघणारीनं खिडकीतून कॅमेऱ्याचा नंबर ओरडायचा. मी माझ्या चिठ्ठीत बघणार. डोमाकाकांची ती वेळ आणि तो नंबर असेल तर वहीत बरोबरची खूण, नसेल तर भोंगा. बघणारी जागी राहील आणि वेचणारी विनाकारण पळणार नाही.

दोघींना सगळं सांगावं लागलं. उर्वशीचं तोंड उतरलं. "म्हनजे वाघ आमी पाहाचा, अन् खरा का खोटा ते तुमी ठरवाचं? भाऊ, मंग आमी कायले हावो?"

मंदाबाई एवढंच म्हणाली, "बटन माह्या हाताशी राहू दे रे बाबू. झाला त्रास तं होऊ दे."

मी दोघींना समजावलं. भावनेच्या भरात कुणी बटण दाबू नये म्हणूनच तर ही व्यवस्था. कुणीतरी थंड डोक्याचं माणूस मध्ये हवंच.

३ एप्रिल, गुरुवार

पहिल्या तीन दिवसांत दहा खोट्या वाघांपैकी सहा ओळखले. पुढच्या तीन दिवसांत दहापैकी नऊ. मी तक्ता करून भिंतीला लावलाय. मंदाबाई आता पाठीचा कणा ताठ ठेवून बसते, पाच दिवसांत तिचा एकही हुकला नाही.

सगळ्यात मजा चालली आहे आईची. तीन नंबरची चिठ्ठी असली की डोमाकाका रांगून झाल्यावर सोंग काखेत मारून मोठ्या मोहाखाली जातात. आई म्हणते, "जगात कोनाच्या झाडाखाली वाघ येऊन भाकर मागत नाही, माह्याच येते." कधी कधी ते सोंगातच झुडपाआडून येतात. मग आई त्यांना मोहफूल फेकून मारते, "ऊठ बे वाघा, कंबर मोडन!" भावजय-दिराची ही थट्टा गावभर झाली आहे.

आईला असं हसताना बाबा गेल्यापासून पाहिलं नव्हतं. मी डोमाकाकांना म्हटलं, तीन नंबरच्या चिठ्ठ्या वाढवू का? ते म्हणाले, वाढव.

६ एप्रिल, रविवार

वाघ! खरा!

पाच तेवीस. मंदाबाई ओरडली, "पाच नंबर!" मी चिठ्ठी पाहिली. पाच नंबर नव्हता. बटण दाबलं. अकरा मिनिटांत सगळ्या बाया गावात. आई सगळ्यात शेवटी, टोपली न टाकता, डोक्यावर घेऊन. मी तिच्यावर ओरडलो आणि मग तिला मिठी मारली.

मंदाबाई चित्रण पुन्हा पुन्हा बघत होती. "दिसला," एवढंच म्हणत होती. "या डावाले दिसला मले."

काळ्या दाण्यांनी खडा सापडला. लाखनीला जाऊन भैयाजींच्या पाया पडायला हवं. आज पहिल्यांदा मला वाटलं की आई या मोसमातून सुखरूप निघेल.

८ एप्रिल, मंगळवार

संस्थेला पाठवायचा अहवाल लिहितोय. किती दाखवले, किती ओळखले, किती सेकंदांत. उद्या ओळखला की उर्वशीचे या आठवड्यातले दहापैकी दहा होतील.

संध्याकाळभर रिता मागं-पुढं करत बोलत होती. गॅस संपत आलाय, बकरी खात नाही, तिच्या मामेबहिणीकडचे पाहुणे, आनंदाबाई येऊन गेली, डोमाकाकांच्या घरचं काहीतरी, पाण्याच्या मोटरीचा आवाज येतो. आकडे जुळत नव्हते. हो म्हटलं.

"आईकलं ना?" तिनं विचारलं. मी पुन्हा हो म्हटलं.

उद्याची चिठ्ठी दुपारीच देऊन झाली आहे: तीन नंबर, पाच पंचेचाळीस.

९ एप्रिल, बुधवार (टेबलावर)

पाच बेचाळीस, तीन नंबर, उर्वशी. ओळखला. चार सेकंद. दहापैकी दहा. डोमाकाका तीन मिनिटं आधी आले, त्यांना वेळेचं सांगायला हवं. उर्वशी खिडकीतून शेपटीचं काहीतरी म्हणत होती. तिला म्हटलं, नोंद कर, नंतर बघू. आता चहा.

२० एप्रिल, रविवार

वरची नोंद फाडायला घेतली होती. फाडली नाही.

आई गेली.

लिहून ठेवतो, कारण उद्या मीच स्वतःला वेगळं काही सांगायला लागेन.

डोमाकाकांना आठ तारखेला दुपारनंतर ताप भरला. त्यांचा फोन महिनाभरापासून बंद, म्हणून आनंदाबाई संध्याकाळी घरी येऊन रिताला सांगून गेली की उद्या ते येणार नाहीत. रितानं मला सांगितलं. गॅस, बकरी आणि पाहुण्यांच्या मध्ये सांगितलं, आणि वर ऐकलं का म्हणून विचारलंही. मी दोनदा हो म्हटलं. ते या वहीत माझ्याच अक्षरात आहे.

पाच बेचाळीसला तीन नंबरवरून जो गेला तो डोमाकाका नव्हता. उर्वशीनं बरोबर ओळखला. ओरडलीही बरोबर. बटण माझ्या तळहाताखाली होतं. माझ्या चिठ्ठीवर तीन नंबर होता, तीन मिनिटांचा काय तो फरक, आणि मी बरोबरची खूण केली.

आई पंधरा मिनिटांनी गेली. त्याच्या सहा दिवस आधी अकरा मिनिटांत सगळं रान रिकामं... नाही, सहा दिवस नाही. तीनच. मला आता साधे दिवससुद्धा मोजता येत नाहीत.

सुलोचनाबाई दोन झाडं सोडून होत्या. त्यांना वाघ दिसला नाही, झुडपाचा आवाज फक्त आला. आणि आईचा आवाज आला. त्या मला सांगत नव्हत्या. दिवसकार्य झाल्यावर मी त्यांच्या दारात बसून राहिलो, तेव्हा सांगितलं.

आई हसत होती. हातातली फुलं झुडपावर फेकल्याचं त्यांनी पाहिलं. आई म्हणाली, "आज लौकर आला रे डोमा. भाकर तं सोडू दे."

२४ एप्रिल, गुरुवार

उर्वशी आली होती. दारातच उभी राहिली.

"भाऊ, त्या दिवशी मी सांगत होती तुमाले. शेपटी हालली. डोमाकाकाची शेपटी कधी हालत नाही, ते दोरीची हाये. मले वाटलं, मी सांगून राहिली अन् तुमी म्हनता नोंद कर, तं तुमाले मालूम असन." मग म्हणाली, "मी धावत जाले पायजे होतं. बटन माह्याजवळ असतं तं मी दाबलंच असतं."

मी तिला म्हटलं, तुझं काही चुकलं नाही. तक्त्यातही तसंच आहे. तिच्या नावापुढं दहापैकी दहा. दोघींच्या नावांचे रकाने मी आखले होते. तिसरी नजर माझी होती, तिचा रकाना मला कधी सुचला नाही. मंदाबाईला महिनाभरात एक वाघ हुकला तेव्हा मी तिला चित्रण दाखवायला बसवलं होतं. माझं चित्रण कुणाकडे नाही.

भैयाजींचं शेवटचं वाक्य मला आता समजतं. समजून काय उपयोग?

डोमाकाका दोन आठवडे आमच्याकडे आले नाहीत. काल आले आणि अंगणात डोकं टेकलं. तलावाच्या काठावर नेऊन त्यांनी सोंग जाळलं, आनंदाबाईनं सांगितलं. मी त्यांना उठवलं. ताप माणसाला येतो. त्यांनी निरोप धाडला होता.

रितानं मला एकदाच म्हटलं, "सांगतलं होतं मी तुमाले." नवव्या दिवशी, भांडी घासताना, माझ्याकडे न बघता. त्यानंतर ती घरात बोलायचीच थांबली आहे. दिवसाला एखादं वाक्य. गॅस संपला तर नवा येऊन लागलेला दिसतो. बकरी मेली, तेही मला गोठ्यात गेल्यावर कळलं. मी तिला म्हणतो, बोल काहीतरी. ती बघते आणि पीठ मळत राहते.

३ मे, शनिवार

उद्यापासून तेंदूपत्ता सुरू. बाया पुन्हा रानात जाणार. मी सभेत हात जोडून म्हटलं, या वर्षी नका जाऊ. सुलोचनाबाई म्हणाल्या, "मंग काय खावाचं, ते सांग." सभा तिथंच संपली.

बटण परत पडद्याच्या खोलीत नेलं, मंदाबाईच्या हाताशी. खोटे वाघ बंद. आणि खोट्या वाघांशिवाय विसाव्या मिनिटाला नजर कशी मरते ते मला माहीत आहे. रात्र रात्र तेच चाललंय डोक्यात. दाणे टाकले तरी माणूस मरतं, नाही टाकले तरी मरतं.

तोड मंदाबाईनं काढली. म्हणाली, "वाघ कायले पाहाचा? बायाच पाहू. एकेक बाई जाऊन राहिली तवा कॅमेऱ्याले हात दाखवन, आमी तिचं नाव घेऊ, मोठ्यानं. घडीघडी येऊन हात दाखवाचा. जिचा हात नाही दिसला, तिच्यासाठी भोंगा." पन्नास बाया, पाव-पाव तासानं. पडद्यावर क्षणभर उसंत नाही, आणि यातलं काही खोटं नाही. झोपायला वेळच मिळणार नाही डोळ्यांना. इतकं साधं तिला सुचलं, मला सुचलं नाही. तिसरा बघणारा म्हणून त्यांनी मला घेतलं. घेतलं याचंच मला रडू आलं. उद्याची पहिली पाळी माझी.

आता हे लिहीत असताना रिता येऊन समोर बसली. कितीतरी दिवसांनी स्वतःहून.

"उद्या मीबी जातो पत्त्याले. आईच्याच पांदनीनं. डाव्या कमरेवर टोपली राहीन माह्या, तं उजवा हात दाखवीन. माहं नाव घ्याल?"

आमच्यात बायकोला कुणी नावानं हाक मारत नाही. सहा वर्षांत मी तिचं नाव तिच्यासमोर घेतलेलं नाही. लिहिणं थांबवलं, पेन बाजूला ठेवलं, तिच्याकडे नीट बघितलं. या वेळी मी हो म्हणालो नाही. तिचं बोलणं तिला परत म्हणून दाखवलं, म्हणजे ऐकल्याची खात्री होईल. म्हटलं, "उद्या पहाटे, तीन नंबर, डावा हात. तुझं नाव घ्यायचं."



"उजवा," ती म्हणाली.